दहा जणांच्या एव्हर्टनपुढेही तीन सेंटर-बॅक कशासाठी?

लालजर्सी
२५ नोव्हेंबर २०२५

कालचा सामना संपल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून तो इथे मांडतो आहे. १३व्या मिनिटाला एव्हर्टनच्या इद्रिसा गेयेने आपल्याच संघातल्या मायकेल कीनच्या तोंडावर हात उगारला आणि पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. तिथून पुढे सव्वा तासाहून अधिक काळ मँचेस्टर युनायटेडचे अकरा आणि एव्हर्टनचे दहा असा सामना झाला. एव्हर्टनने पुढे एकच आघाडीवीर ठेवला होता आणि त्या एकट्यावर लक्ष ठेवायला आपल्या युनायटेडचे तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) मागे उभे होते. मध्यंतरापर्यंत आपले मॅनेजर रूबेन अमोरिम यांनी या रचनेला हात लावला नाही. उलट २९व्या मिनिटाला एव्हर्टनचा कीर्नन ड्यूसबरी-हॉल आधी आपला कर्णधार ब्रुनो फर्नांडिसला आणि मग बचावपटू लेनी योरोला चकवून पुढे सरकला आणि त्याने वळवून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. तो एकच गोल शेवटपर्यंत पुरला. एव्हर्टनने आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर याआधीचा विजय डिसेंबर २०१३ मध्ये मिळवला होता.

अमोरिम यांना काढून टाका असे मी म्हणत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. गेल्या वर्षभरात त्यांच्या बाजूने मी इथे पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातले काही मागे घेण्याची माझी इच्छा नाही. परंतु ३-४-२-१ (मागून पुढे तीन, चार, दोन आणि एक खेळाडू) ही रचना अकरा विरुद्ध अकरा असताना योग्य की अयोग्य, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी समोरचा एक माणूस कमी झाल्यावर एक बचावपटू काढून एक आक्रमक खेळाडू वाढवायला तब्बल अर्धा तास का लागावा, याचे उत्तर मला सापडत नाही. शिवाय जो ब्रुनो गोलक्षेत्राच्या आसपास सर्वांत धोकादायक ठरतो, त्यालाच मधल्या दोघांपैकी एक म्हणून खाली का खेळवायचे, आणि त्या जागेचा जो खरा खेळाडू आहे तो कोबी माइनू बाकावर का बसायचा, हे दोन प्रश्नही याच प्रश्नाला जोडून येतात. ज्यांना डावपेचांतले अधिक कळते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धीरधरा
२५ नोव्हेंबर २०२५

लालजर्सी, तुमचा संताप समजतो. काल मीही शेवटच्या शिट्टीनंतर बराच वेळ तसाच बसून होतो. तरीही एका सामन्यावरून संपूर्ण विचारसरणी मोडीत काढू नये, असे मला मनापासून वाटते.

हेच अमोरिम स्पोर्टिंगमध्ये आले तेव्हा त्या क्लबला २००२ नंतर पोर्तुगालचे विजेतेपद मिळाले नव्हते. त्यांनी ते २०२०-२१ मध्ये मिळवून दिले आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा मिळवून दिले, तेही याच तीन सेंटर-बॅकच्या रचनेने. आपल्याकडे ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे हंगाम अर्धवट झालेला असताना आणि दुसऱ्या मॅनेजरने निवडलेल्या खेळाडूंसह काम करायला आले. त्या हंगामात ४२ गुण आणि १५वे स्थान मिळाले, हे मी नाकारत नाही. तो आकडा आपल्या सर्वांच्या जिव्हारी लागलेला आहे. पण या ऑक्टोबरमध्ये काय घडले तेही विसरू नका. सन्डरलँडला २-०, लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर २-१ आणि ब्रायटनला ४-२ असे आपण ओळीने हरवले. जानेवारी २०१६ नंतर अँफिल्डवर लीगमधला तो आपला पहिला विजय होता. तिथे ८४व्या मिनिटाला हॅरी मॅग्वायरने डोक्याने जो गोल केला, त्याचा क्रॉस ब्रुनोचा होता, आणि त्या दिवशीही ब्रुनो मधल्या दोघांपैकीच एक होता. कालच्या आधी लीगमध्ये पाच सामने आपण अपराजित होतो.

कालच्या संघात माथेउस कुन्हा नव्हता आणि बेंजामिन शेश्कोही नव्हता. ज्या तिघांना आणण्यासाठी क्लबने या उन्हाळ्यात जवळपास २० कोटी पौंड मोजले, त्यांपैकी दोघे दुखापतींमुळे बाहेर आणि एकटा ब्रायन एम्बेउमो मैदानात, अशा स्थितीत गोलक्षेत्रात दाटीवाटीने उभ्या असलेल्या बचावफळीला फोडणे कोणत्याही रचनेत अवघडच गेले असते. मॅनेजरने मैदानावरचे प्रत्येक संकट रचना बदलून सोडवावे अशी अपेक्षा ठेवली, तर खेळाडूंच्या अंगात कोणतीच रचना मुरणार नाही.

मधलीफळी
२६ नोव्हेंबर २०२५

थोडे मोठे लिहिते, कारण इथे दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवल्याखेरीज ही चर्चा नुसती बाजू घेण्याची होईल.

पहिला प्रश्न रचनेचा आहे. कागदावर ३-४-२-१ दिसणारी ही रचना चेंडू आपल्याकडे नसताना ५-४-१ होते आणि चेंडू आपल्याकडे आल्यावर ३-२-५ होते. म्हणजे दोन्ही विंग-बॅक (कडांवरचे खेळाडू) वर चढतात, दोन ‘दहा नंबर’ (आघाडीवीराच्या मागचे आक्रमक खेळाडू) आतल्या पट्ट्यांत उभे राहतात, मधोमध एक आघाडीवीर असतो आणि या पाच जणांच्या मागे दोन मध्यरक्षक व तीन सेंटर-बॅक राहतात. समोरचा संघ पुढे येऊन चेंडूवर दबाव टाकत असेल, तर मागचे हे पाच जण अत्यंत उपयोगी ठरतात, कारण दबाव चुकवून चेंडू बाहेर काढायला प्रत्येक वेळी एक माणूस मोकळा मिळतो. पण परवा एव्हर्टनने दबाव टाकणेच सोडून दिले. चार बचावपटू आणि चार मध्यरक्षक अशा दोन रांगा गोलक्षेत्राजवळ लावून ते उभे राहिले. त्यामुळे आपल्या पुढच्या पाच जणांसमोर त्यांचे आठ आणि आपल्या मागच्या पाच जणांसमोर त्यांचा एक, असे चित्र झाले. लाल कार्डाने जो जास्तीचा माणूस आपल्याला मिळाला होता, तो जिथे कोणी प्रतिस्पर्धीच नव्हता अशा जागी उभा राहिला.

यावर एक बचावपटू काढणे हा एकमेव उपाय नाही, हे मात्र धीरधरा यांच्या बाजूने सांगायला हवे. तीन सेंटर-बॅक ठेवूनही ही कोंडी फुटू शकते. बाजूच्या सेंटर-बॅकने चेंडू पायात घेऊन सरळ पुढे चालत जायचे आणि कोणी तरी आपल्यावर येईपर्यंत थांबायचेच नाही. समोरचा मध्यरक्षक रांग सोडून पुढे आला की त्याच्या मागे जागा होते आणि तिथे उभ्या असलेल्या दहा नंबरला चेंडू मिळतो. तो पुढे आला नाही, तर सेंटर-बॅक स्वतःच गोलक्षेत्राच्या तोंडाशी पोहोचतो. ल्यूक शॉ हा मूळचा लेफ्ट-बॅक असल्यामुळे हे काम त्याला सहज जमण्यासारखे आहे. परवा पहिल्या अर्ध्यात हे फारच क्वचित घडले. चेंडू एका सेंटर-बॅककडून दुसऱ्याकडे, तिथून विंग-बॅककडे, परत मागे, आणि मग वैतागून एक उंच क्रॉस, असे चक्र चालू राहिले. एव्हर्टनचे उंच बचावपटू दिवसभर अशा क्रॉसची वाटच पाहत असतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की दोष तीन या आकड्यात नाही. त्या तिसऱ्या माणसाला दिलेल्या, किंवा न दिलेल्या, कामात आहे.

दुसरा प्रश्न मधल्या दोघांचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ही रचना जिथे यशस्वी झाली तिथल्या मधल्या जोड्या आठवून पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ०-३ असा मार खाल्ल्यावर अँटोनियो कॉन्टे यांनी चेल्सीला ३-४-३ मध्ये बसवले, लीगमधले पुढचे १३ सामने ओळीने जिंकले आणि ९३ गुणांसह विजेतेपद घेतले. त्या संघाच्या मध्यभागी एनगोलो कांटे आणि नेमान्या मॅटिच होते. दोघांचे पहिले काम चेंडू हिसकावणे आणि जागा झाकणे हे होते, सर्जनशील खेळाडूंना त्यांनी पुढे मोकळे सोडले होते. ऑलिव्हर ग्लासनर यांच्या क्रिस्टल पॅलेसने मे २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून एफए कप जिंकला, तोही जवळपास आपल्याच रचनेत. तिथे मध्यभागी ॲडम व्हार्टन आणि दाइची कामादा होते, आणि एबेरेची एझे हा त्यांचा सर्वांत कल्पक खेळाडू दहा नंबरच्या जागी, गोलाच्या जवळ होता. गोल त्यानेच केला आणि त्यासाठी चेंडू दिला तो विंग-बॅक डॅनिएल मुन्योसने. विंग-बॅक ते दहा नंबर हीच या रचनेची खरी वाट आहे.

आपण मात्र आपला एझे खाली मॅटिचच्या जागी उभा केला आहे. ब्रुनोचा स्वभाव धोका पत्करण्याचा आहे. गोलक्षेत्राजवळ त्याचे दहा पास चुकले आणि अकरावा लागला, तर आपल्याला गोल मिळतो. तेच दहा पास मध्यरेषेपाशी चुकले, तर दहा वेळा आपल्यावर हल्ला होतो. शिवाय चेंडू नसताना तो उत्साहाने पुढे झेपावतो, आणि त्याच्या मागे फक्त मधला जोडीदार कॅसेमिरो उरतो, ज्याच्याकडून वेगाची अपेक्षा करणे आता अन्यायाचे होईल. ड्यूसबरी-हॉलचा गोल पुन्हा एकदा शांतपणे पाहा. योरो चुकला हे खरे आहे, पण योरोपर्यंत तो खेळाडू चेंडू घेऊन इतक्या सहज पोहोचला, ही मधल्या फळीची कहाणी आहे.

उन्हाळ्यात तीन आक्रमक खेळाडू आणि एक गोलरक्षक आला, पण मध्यरक्षक एकही आला नाही. ज्या रचनेत मध्यभागी मुळात दोनच माणसे असतात, तिथे हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता.

बाकावरचा
२६ नोव्हेंबर २०२५

मी फक्त माइनूबद्दल लिहितो. मे २०२४ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटीविरुद्ध आपला दुसरा गोल याच मुलाने केला होता, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, वयाच्या १९व्या वर्षी, तो युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून पहिल्या अकरांत खेळला. या हंगामात आजपर्यंत लीगच्या एकाही सामन्यात तो पहिल्या अकरांत नाही. सुरुवातीपासून खेळायला मिळाले ते ग्रिम्सबीविरुद्ध, जो सामना आपण चौथ्या स्तरावरच्या संघाकडून पेनल्टी-शूटआऊटमध्ये ११-१२ असा हरलो. माइनू ब्रुनोच्या जागेसाठी स्पर्धेत आहे, असे मॅनेजरनी स्वतः सांगितले आहे. कर्णधाराशी स्पर्धा लावून दिल्यावर २० वर्षांच्या मुलाने ती जिंकायची कशी?

युरोपातली स्पर्धा नाही आणि लीग कपमधून ऑगस्टमध्येच बाहेर पडलो, त्यामुळे आठवड्याला एकच सामना असतो. अशा वेळी बाकावरच्या खेळाडूला मिनिटे मिळण्याचा दुसरा मार्गच उरत नाही. परवाही तो दुसऱ्या अर्ध्यात आला. अरुंद जागेत, पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळणारा आपल्याकडे दुसरा कोण आहे, हे कोणी मला सांगावे. दाटीत उभ्या राहिलेल्या दहा जणांविरुद्ध नेमके हेच कौशल्य लागते.

जुना समर्थक
२६ नोव्हेंबर २०२५

या चर्चेमुळे मला जानेवारी २०१५ आठवला. लुई व्हॅन गाल तेव्हा आपले मॅनेजर होते आणि त्यांनीही तीन सेंटर-बॅकचा आग्रह धरला होता. क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर पहिला अर्धा गोलशून्य आणि अतिशय कंटाळवाणा गेला, तेव्हा आपल्याच प्रवासी समर्थकांनी ‘फोर-फोर-टू’ असा घोष सुरू केला. दुसऱ्या अर्ध्यात चार जणांची बचावफळी आली आणि फेलायनी व जेम्स विल्सन यांच्या गोलांवर सामना २-० असा जिंकला. त्या हंगामात आपण चौथे आलो.

त्यावरून समर्थकांना मॅनेजरपेक्षा जास्त कळते असे मी म्हणणार नाही. सरावात कोण काय करतो हे आपल्याला दिसत नाही, कोणाचा पाय दुखतो हेही आपल्याला शेवटी कळते. पण व्हॅन गाल यांच्यासारख्या अत्यंत ठाम माणसानेही गरज पडल्यावर सामन्याच्या मध्येच आपली रचना मोडली, आणि त्यामुळे त्यांचा मान कमी झाला नाही, इतके मला नमूद करावेसे वाटते. अमोरिम यांनी काही आठवड्यांपूर्वी सांगितले की पोपही त्यांचे मन वळवू शकणार नाहीत. त्यातला आत्मविश्वास मला आवडला होता. परवा मात्र तेच वाक्य आठवून काळजी वाटली.

धीरधरा
२६ नोव्हेंबर २०२५

मधलीफळी, तुमचे विवेचन वाचून मला माझ्या मताचा काही भाग बदलावा लागतो आहे. सेंटर-बॅकने चेंडू घेऊन पुढे चालत जाण्याचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. ब्रुनोबाबत मात्र मी अजून अडून आहे. समोरचे दहाही जण गोलक्षेत्राजवळ गोळा झालेले असताना चेंडूवर वेळ मिळणारी जागा खालीच असते. दहा नंबरच्या जागी उभा राहिला असता, तर त्याच्या अंगाला दोन माणसे चिकटली असती आणि चेंडूला त्याचा स्पर्शही क्वचित झाला असता. खालून त्याला संपूर्ण मैदान दिसते. त्याचे पास चुकतात ही वस्तुस्थिती आहे, पण असे पास सुचणारा दुसरा खेळाडू आज आपल्याकडे नाही.

आणि मॅनेजर योजना सोडतच नाहीत हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. १७ एप्रिलची युरोपा लीगमधली ल्योंविरुद्धची रात्र आठवा. निर्धारित वेळेत २-० ची आघाडी गमावली, त्यांचा तोलिसो लाल कार्ड मिळून बाहेर गेल्यावरही जादा वेळेत दहा जणांच्या ल्योंने ४-२ अशी आघाडी घेतली, आणि तेव्हा अमोरिम यांनी मॅग्वायरला चक्क आघाडीवीर म्हणून पुढे पाठवले. ११४व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, १२०व्या मिनिटाला माइनूने शांतपणे वळवून मारलेला चेंडू, आणि लगेच पुढच्या मिनिटाला कॅसेमिरोच्या क्रॉसवर मॅग्वायरचे डोके. ५-४. तो निर्णय कुठल्याही चौकटीत बसत नव्हता आणि तो त्यांचाच होता.

लालजर्सी
२७ नोव्हेंबर २०२५

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल आभारी आहे. धीरधरा, ल्योंचे उदाहरण तुम्ही दिले ते बरे झाले, कारण माझा मुद्दा त्यानेच अधिक स्पष्ट होतो. त्या रात्री चौकट मोडली ती दोन गोलांनी मागे पडल्यावर, काही मिनिटे उरलेली असताना, गमावण्यासारखे काहीच शिल्लक नसताना. १३व्या मिनिटाला लाल कार्ड मिळते तेव्हा मॅनेजरकडे विचार करायला भरपूर वेळ असतो. मला तो धीटपणा तिथे पाहायचा आहे, पाठ भिंतीला टेकल्यावर नव्हे. ग्रिम्सबीविरुद्ध ०-२ असे मागे असताना बाकावर बसून छोट्या फळ्यावरचे चुंबक सरकवणारे अमोरिम आपण सर्वांनी पाहिले. त्यावर बाहेर पुष्कळ टिंगल झाली. मला त्या चित्राने वाईट वाटले होते. उत्तर शोधण्याची धडपड त्या माणसात आहे, हे त्यात दिसत होते. पण ते चुंबक पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसतात की काय, अशी शंका आता येऊ लागली आहे.

मधलीफळी यांच्या लिखाणानंतर मी माझा मूळ प्रश्न थोडा बदलतो. तीन सेंटर-बॅक राहू देत. पण मग मधल्या दोघांत कॅसेमिरो आणि माइनू, आणि कुन्हा परत येईपर्यंत एम्बेउमोच्या शेजारी दहा नंबरवर ब्रुनो, असा संघ एकदा तरी सुरुवातीपासून का उतरवू नये? उजव्या विंग-बॅकच्या जागी अमादला ठेवले, तर मुन्योस पॅलेससाठी जे करतो त्याच्या जवळपास जाणारे काही तरी आपल्याला मिळेल. यात रचनेला धक्का लागत नाही, मॅनेजरचा शब्दही मोडत नाही.

मधलीफळी
२७ नोव्हेंबर २०२५

हा संघ मलाही पाहायला आवडेल. फक्त एक धोका लक्षात ठेवावा लागेल. अमाद उजवीकडे विंग-बॅक असला, तर चेंडू गेल्यावर त्याच्या मागची जागा योरोला एकट्याने सांभाळावी लागेल, आणि माइनूला त्या बाजूला सतत सरकावे लागेल. चेंडू पायात असताना माइनू जितका निर्धास्त असतो, तितका तो मागे धावताना अजून नाही. बाकावरचा यांना हे आवडणार नाही, पण मॅनेजर कचरत असतील तर बहुधा याच कारणाने कचरत असतील, आणि ते कारण खोटे नाही.

येत्या रविवारी, ३० तारखेला, आपण सेल्हर्स्ट पार्कवर पॅलेसविरुद्धच खेळणार आहोत. दोन्ही संघ एकाच रचनेत समोरासमोर उभे राहतील, म्हणजे प्रत्येक जागेवर एकास एक अशी झुंज होईल आणि मध्यभागी तर दोनास दोनच. ब्रुनो पुन्हा खाली खेळला, तर व्हार्टनच्या पायात चेंडू आल्यावर तो त्याच्यावर झेपावतो की आपली जागा धरून राहतो, एवढे एकच मी पहिली वीस मिनिटे पाहणार आहे.